अण्णांना विचारा : साडेतेरा हजार, आठ हजार चारशे, की सात हजार तीनशे?

थंडी पडली की आपल्याकडे दोन गोष्टींना जोर येतो. एक भरीत पार्ट्या, दुसरी परदेशातल्या लेकीबाळींकडे जायची तयारी. या महिन्याच्या टपालात दुसऱ्या गोष्टीचीच पत्रं जास्त निघाली. रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाला विमानाचं विचारता, ही गंमतच आहे. पण भुसावळच्या कंट्रोल ऑफिसात कानाला फोन आणि हातात पेन्सिल घेऊन माझी तीस वर्षं अंतर आणि वेळ यांचीच तोंडमिळवणी करण्यात गेली. विषय निघाला की हात शिवशिवतात. तेव्हा यंदाचं सदर सगळं त्यालाच दिलं. गुडघेदुखी आणि सातबाऱ्याची पत्रं पुढच्या अंकात.

प्रश्न : अण्णा, माझी मुलगी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. डिसेंबरात तिच्या बाळंतपणाला निघायचं आहे. विमानात पहिल्यांदाच बसणार. मुंबईहून तिथवरचं अंतर जावई ८,४०० सांगतात, भाचा मोबाईलवर बघून ७,३०० म्हणतो आणि माझा मुलगा १३,५०० म्हणतो. तिघेही इंजिनीअर! वेळेचं तर विचारूच नका. कोणी म्हणतं सोळा तास, कोणी अठरा, आणि एजंटाने कागदावर तेवीस तास लिहून दिलेत. शिवाय नकाशात अमेरिका डाव्या हाताला, आणि जावई म्हणतात विमान उजवीकडूनही जातं. खरं कोणाचं धरू?
— एक वाचक भगिनी, चोपडा

उत्तर : ताई, तिघांचंही खरं आहे, मापं तेवढी वेगळी. जावई अमेरिकेत राहतात, तिथे अजून मैल चालतो. मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर. भाच्याच्या मोबाईलने वैमानिकांचं माप दाखवलं, तो सागरी मैल, १.८५२ किलोमीटरचा. तुमच्या मुलाने सरळ किलोमीटर सांगितले. ८,४०० ला १.६०९ ने गुणा, ७,३०० ला १.८५२ ने गुणा, दोन्हीकडून साडेतेरा हजारच येतात. रावेरला केळी क्विंटलने विकली जातात आणि मुंबईच्या हातगाडीवर डझनाने, म्हणून काही केळी बदलत नाहीत.

सागरी मैल हे विचित्र माप आलं कुठून, तेही ऐका. उत्तर-दक्षिण एक अंश चाललं की साधारण १११ किलोमीटर होतात. त्या अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सागरी मैल. जहाजवाल्यांना नकाशावरून अंतर काढायला सोपं पडत होतं, पुढे विमानवाल्यांनी तेच उचललं.

आता डावं-उजवं. त्यासाठी नातवाचा पृथ्वीगोल आणि सुतळीचा तुकडा घेऊन मी काल दुपारी जेवणानंतर ओट्यावर बसलो. तुम्हीही करून बघा, लाडवांची तयारी दहा मिनिटं थांबेल. सुतळीचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर नेलं आणि ताणलं. आधी सुतळी पश्चिमेकडून, अरबस्तान-युरोप-अटलांटिक अशी धरली होती. ताणताच ती घसरून वर सरकली, पार उत्तर ध्रुवाच्या बाजूला गेली आणि तिथे घट्ट बसली. मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेला, जराशी पूर्वेकडे कललेली. पुढे हिमालय, चीन, सैबेरिया, मग गोठलेला समुद्र, अलास्का, आणि तिथून खाली उतरून सॅन फ्रान्सिस्को. नवापूर तर सुतळीखालीच झाकलं गेलं.

सुतळी मोजली तर ३२ सेंटीमीटरला दोन मिलिमीटर कमी. गोलाचा घेर भरला ९४ सेंटीमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर धरला तर एका सेंटीमीटरला सव्वाचारशे पडतात. करा गुणाकार, तुमच्या मुलाचा आकडा हाती येईल. सुतळीने! भूगोलाच्या पुस्तकात या ताणलेल्या रेषेला बृहद्वृत्ताचा तुकडा म्हणतात. गोलावरच्या दोन गावांमधला तोच सर्वांत जवळचा रस्ता.

भिंतीवरच्या सपाट नकाशात हे दिसत नाही, कारण गोलाची साल सपाट करायची तर कुठेतरी ताणावीच लागते. शाळेतून आपल्या डोक्यात बसलेला नकाशा बहुतेक मर्केटर नावाच्या नकाशाकाराचा. त्याने तो १५६९ साली दर्यावर्दी लोकांसाठी काढला. होकायंत्र धरून जहाज हाकायला तो उत्तम, पण ध्रुवाकडचा मुलूख त्यात फुगतो. ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. त्या नकाशावर बघून अमेरिका डावीकडे म्हणा नाहीतर उजवीकडे, सुतळीला विचाराल तर ती वरच्या अंगाला आहे.

या हिशेबात एक चावट गोष्टही सापडली. जळगावपासून सॅन फ्रान्सिस्को धरलं तर सुमारे १३,२३० किलोमीटर भरतं. म्हणजे मुंबईकरांपेक्षा आपण अमेरिकेच्या पावणेतीनशे किलोमीटर जवळ! आणि तिकडे जायला आधी उलट्या दिशेने ४२० किलोमीटर रेल्वेने मुंबई गाठायची.

पण ताई, सुतळीवरून विमान जाईलच असं नाही. आम्ही कंट्रोलमध्ये बसायचो तेव्हा भुसावळहून गाडी कुठल्या मार्गाने जायची हे वर्किंग टाइम टेबलात ठरलेलं असायचं, आणि तरी पूर आला, मालगाडी घसरली की इटारसीकडून वळवावी लागायची. आभाळातही तसंच आहे. पहिली अडचण तिबेटच्या पठाराची. ते साडेचार हजार मीटरच्या वर. विमानातली हवा अचानक गेली तर वैमानिकाला झटकन तीन हजार मीटरच्या आसपास उतरावं लागतं, कारण माणसाला नुसत्या नाकाने श्वास घेता येतो तो तिथे. खाली जमीनच साडेचार हजारांवर असेल तर उतरणार कुठे? म्हणून विमानं शक्यतो पठाराला वळसा घालतात.

दुसरी अडचण माणसांची. फेब्रुवारी २०१९ ते जुलै २०१९ पाकिस्तानचं आकाश बंद होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंदी घातली, तेव्हा अमेरिकेकडच्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. रशियाने २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना आपल्यावरून उडू देणं बंद केलं, भारतीय कंपन्यांना मात्र नाही. म्हणजे गावं तीच, आणि रस्ता तिकीट कोणाचं काढलंय त्यावर.

तिसरी गोष्ट वारा, आणि ती मला सगळ्यांत आवडते. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीड-दोनशे किलोमीटर हे त्याचं नेहमीचं, हिवाळ्यात आणखी चढतो. इगतपुरीचा घाट चढताना कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलायला बँकर इंजिनं लावतात, तुम्ही खिडकीतून पाहिली असतील. हा वारा म्हणजे आभाळातलं बँकर. फक्त ते एकाच दिशेने ढकलतं, समोरून आलात तर छातीवर बसतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकचा रस्ता सोडून पॅसिफिकवरून नेलं. रस्ता १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झाला, आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाला! चौदाशे किलोमीटर जास्त तोडून लवकर पोचायचं. कंट्रोलरच्या पोटात हे सहजी उतरत नाही, पण खरं आहे. जावई म्हणतात ते ‘उजवीकडून’ हेच.

आता तास. रेल्वेत आम्ही गाडी प्रत्यक्ष धावते तो वेळ वेगळा मोजायचो, त्यावर इंजिनीअरिंगचा भत्ता, म्हणजे रुळांच्या कामांसाठी धरलेली जादा मिनिटं, वर गाड्यांच्या गर्दीसाठी ट्रॅफिकचा भत्ता, आणि मग पब्लिकला टाइम टेबल. विमानवाले निराळं काही करत नाहीत. चाकं जमीन सोडतात तिथपासून जमिनीला लागतात तिथपर्यंतचा एक वेळ. चाकांखालचे गुटके काढल्यापासून दुसऱ्या टोकाला पुन्हा लावेपर्यंतचा दुसरा, आणि तिकिटावर येतो तो हाच. यार्डातल्या उभ्या वॅगनला आपण लाकडी गुटका लावतो ना, अगदी तसाच गुटका या साडेतीनशे माणसांच्या विमानालाही लावतात. पहिल्यांदा खिडकीतून पाहिला तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

तर तुमचे सोळा तास म्हणजे थेट विमानाचा नुसत्या हवेतला वेळ. अठरा म्हणजे रांगेत उभं राहणं आणि वळसे धरून. आणि एजंटाचे तेवीस म्हणजे मध्ये कुठेतरी विमान बदलायचं आहे, तिथलं बसून राहणंही त्यात धरलंय. त्याला आजच फोन करून विचारा : बदलायचं कुठे, मध्ये वेळ किती, आणि बॅगा थेट शेवटपर्यंत जातात का.

घड्याळाचंही सांगून ठेवतो. डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं. समजा १० तारखेला रात्री दोनला मुंबई सोडलीत. तेवीस तासांनी पोचाल तेव्हा चोपड्यात ११ तारखेची रात्र, एक वाजलेला. तिथे मात्र १० तारखेचीच सकाळ, साडेअकरा. म्हणजे रात्री निघून त्याच दिवशी जेवणाच्या आधी लेकीच्या दारात. येताना हे सगळं उलटं वसूल होतं, तारीख एकदम पुढे गेलेली दिसेल, घाबरू नका.

प्रश्न : मुलाने लंडनचं तिकीट पाठवलंय. दुपारी १ ला मुंबईहून सुटतं आणि संध्याकाळी ६ ला पोचतं. पाच तासांत लंडन? एवढा वेळ तर मला धुळ्याहून पुण्याला लागतो.
— एक निवृत्त शिक्षक, धुळे

उत्तर : गुरुजी, दोन्ही वेळा आपापल्या गावच्या आहेत. तुमचं तिकीट उन्हाळ्यातलं दिसतं. तेव्हा लंडन साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. पाचात साडेचार मिळवा, साडेनऊ तास होतात. अंतर ७,२०० किलोमीटर. येताना बँकर मागून लागतं म्हणून साधारण तासभर कमी.

आपण हे विसरतो कारण आपल्या देशात घड्याळ एकच. तेही फार जुनं नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची, आणि मुंबई शहराने तर आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताचं, आणि भुसावळ त्याच्या पावणेसात अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं. म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला येत नाही, सरासरी बारा सत्तावीसला येतो.

वेळेवरून माझीच फजिती सांगतो, हसलात तरी चालेल. २०१८ साली लेकीकडे न्यू जर्सीला निघालो होतो. तिकिटावर १२ तारीख, वेळ ००.३५. बारा तारखेला सकाळी आम्ही दोघं भुसावळहून गाडीत बसलो, डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा, सगळं साग्रसंगीत. रात्री नऊला विमानतळाच्या दारात तिकीट दाखवलं. दारावरच्या जवानाने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, “बाबूजी, ये तो कल रात चला गया.” ००.३५ म्हणजे अकरा तारखेची जेवणं उरकून निघायची वेळ! तीस वर्षं हाच घोटाळा केलेले प्रवासी स्टेशनवर रडताना पाहिले होते, कित्येकांना समजावलंही होतं. बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही, तिकिटाचे पैसे गेले ते वेगळेच. तेव्हापासून मध्यरात्रीनंतरचं कुठलंही तिकीट असलं की मी त्याच्यावर लाल पेन्सिलीने आदल्या दिवसाचा वार लिहितो.

दुसऱ्या खेपेला पोचलो मात्र. मुंबई ते नेवार्क, १२,५६० किलोमीटर. सोबत ग्राफ पेपर नेला होता. पुढच्या सीटच्या पाठीला पडदा असतो, त्यावर वेग, उंची, उरलेलं अंतर येत राहतं. दर अर्ध्या तासाने आकडा टिपला आणि कंट्रोलच्या चार्टसारखी रेघ ओढली, आडवी वेळ, उभं अंतर. जाताना निळी, येताना लाल. निळी रेघ सोळा तास रेंगाळली, वेग ताशी आठशे-साडेआठशेच्या घरात. येतानाची लाल रेघ एके ठिकाणी अशी उभी झाली की मला वाटलं मीच चुकलो. पडद्यावर ताशी १,०४० होते. विमानाचं इंजिन तेच, जोर तोच, खाली हवाच धावत होती. दीड तास आधी मुंबईत. शेजारच्या मुलाला चार्ट दाखवला, त्याने कानातलं काढलं, “नाइस अंकल” म्हणाला आणि परत घातलं.

निघताना विमान पस्तीस मिनिटं उशिरा सुटलं होतं आणि तरी वेळेआधी टेकलं. गुरुजी, हा आमचा ट्रॅफिकचा भत्ता! शेवटच्या दोन स्टेशनांत पंधरा मिनिटं जास्त ठेवायची आणि गाडी राइट टाइम दाखवायची, ही विद्या त्यांनाही येते.

प्रश्न : अण्णा आजोबा, पृथ्वी फिरते ना? मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तर खाली अमेरिका आपोआप येईल का?
— इयत्ता सहावी, शिरपूर

उत्तर : बाळा, प्रश्न झकास आहे. आपल्या शिरपूरची जमीन ताशी साधारण १,५५० किलोमीटरने पूर्वेला पळते. तुझ्या म्हणण्याप्रमाणे झालं तर दहा-अकरा तासांत अमेरिका खाली यायला हवी. पण पृथ्वीबरोबर हवाही पळते, आणि विमानही जमीन सोडण्याआधीपासून पळतंच असतं. पुढच्या वेळी रेल्वेत बसलास की चालत्या डब्यात चेंडू सरळ वर उडव. तुझ्याच हातात पडतो, मागच्या बाकावरच्या काकांच्या डोक्यात नाही. (त्यांची परवानगी घेऊन कर.)

प्रश्न : जगातलं सगळ्यांत लांबचं थेट विमान कुठलं? आणि आपल्यापासून सगळ्यांत लांबचं गाव?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : सिंगापूर–न्यूयॉर्क, सुमारे १५,३५० किलोमीटर, अठरा तासांवर. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं २०,००० किलोमीटरहून फार लांब असूच शकत नाहीत, कारण अर्धा घेर तेवढाच. जळगावच्या बरोबर पायाखाली गाव नाही, पॅसिफिक महासागर आहे. सर्वांत जवळची वस्ती ईस्टर बेटावर, तीही आठेकशे किलोमीटर लांब.

प्रश्न : आबा विचारू ऱ्हायनात, हाई समदं ठीक शे, पन आपला गावथून विमानलगून कितला येळ लागस?
— एक नातू, साक्री

उत्तर : आबांनी या महिन्यातला सगळ्यांत कामाचा प्रश्न विचारला! आणि याचं उत्तर कुठल्याच मोबाईलवर धड नाही. उलटं मोजा. विमान रात्री दोनचं असेल तर अकराला विमानतळावर हजर. त्याआधी मुंबईच्या रस्त्याला दीड तास, पावसाळ्यात अडीच. म्हणजे ठाण्याला किंवा दादरला संध्याकाळी आठच्या आत उतरलेलं बरं. जळगावहून गाडी सहा ते आठ तास घेते, त्यावर दोन तास उशिराचे धरा, मी रेल्वेवाला आहे, मला सांगायला लाज नाही. साक्रीकरांना बसने नाशिकमार्गे जाणं सरळ पडेल, पण कसारा घाटात ट्रक आडवा झाला की कोणाचंच चालत नाही. ज्या विमानाला सोळा तास, त्याच्या दारापर्यंत जायला आपल्याला बारा तास.

माझं स्वतःचं मत ठाण्याचं. दादरला दोन मोठ्या बॅगा, लोणच्याची बरणी आणि आबा यांना घेऊन पूल चढायचा म्हणजे बाराच्या भावात गेलात. गाडी ठाण्याला दोन-तीन मिनिटंच थांबते. कल्याण सुटलं की बॅगा दाराशी आणायला लागा, आबांना आधी उतरवा, आणि तिकिटावर ००.३५ असेल तर आदल्या रात्री.